उजवीकडचं पान

फोन वाजला तेव्हा मी लॅबमध्ये होते. हातात ग्लव्हज होते, आणि ग्लव्हज घातलेल्या हाताने फोनला शिवायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, म्हणून दोन वेळा वाजू दिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ग्लव्हज काढून टाकले. हेलन होती, लिऊ काकांची मुलगी. "बाबा गेले. आज पहाटे." ती नर्स आहे, अशा बातम्या द्यायची तिला सवय असणार, आवाज अगदी सपाट होता. मग एकदम म्हणाली, "तुझ्या आईला तू सांगशील? मला नाही जमणार…"

आईला मी संध्याकाळी सांगितलं. ती डायनिंग टेबलाशी बसून मेथी निवडत होती. ऐकलं, पण हात थांबले नाहीत. मग विचारलं, "कशानं?" मी म्हटलं, हार्ट. "त्याला खोकला व्हता ना?" हो, पण मूळ हार्टचंच होतं, मी म्हटलं. मग माझ्या लक्षात आलं की ती पानं आणि देठं एकाच ताटात टाकत होती. तिच्याही लक्षात आलं. तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतलं. आई लिऊ काकांकडे गेली नव्हती त्याला तेव्हा सात शनिवार झाले होते. ती रागावली होती. का रागावली होती हे सांगायचं तर लिऊ काका कोण, ते आधी सांगायला हवं.

इथे पार्सिपनीला, आमच्या गावात, रूट फॉर्टी-सिक्स या हायवेच्या कडेला दुकानांची एक बुटकी रांग आहे. तिथे नेल सलून आणि टॅक्स भरून देणाऱ्याचं ऑफिस यांच्या मधोमध लिऊ काकांचं चिनी औषधांचं दुकान होतं. भिंतभर लाकडी खण, एक जुनी तागडी, नाडी बघायला एक छोटी उशी आणि काउंटरवर कायम अर्धवट प्यायलेला चहा. 'काका' ही हाक माझी. इथे आपण मराठी माणसं दिसेल त्या वयस्कर माणसाला काका करून टाकतो. त्यांनी अर्थ विचारला. म्हटलं, वडिलांचा भाऊ. "मोठा की धाकटा? आमच्यात दोन वेगळे शब्द आहेत." मी म्हटलं, मोठा. "मग चालेल," म्हणाले. त्यांचं इंग्रजी तुटक होतं, पण नेमकं. इथे ते मी माझ्या मराठीत मांडते आहे. त्यात त्यांचा थोडा तोटा होणारच.

माझी ओळख तेवढ्यात करून देते. मी जुन्नर तालुक्यातल्या पश्चिमेकडच्या डोंगरातली. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. पुढे एम.एस्सी., तीही पहिलीच. हे मी कुणी न विचारता सांगते. नवरा म्हणतो, "अगं, त्या माणसाने फक्त वेळ विचारली होती." विचारू दे. मिळवलंय ते सांगायला मला लाज वाटत नाही. वनस्पतींपासून होणाऱ्या औषधांचा आणि सप्लिमेंट्सचा कच्चा माल तपासणाऱ्या लॅबमध्ये मी काम करते. बाटलीवर जे नाव आहे तीच वस्तू आत आहे का, एवढंच बघायचं. कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, याचा मला पगार मिळतो.

काही वर्षांपूर्वी लिऊ काका आमच्या रिसेप्शनवर एक खाकी कागदी पिशवी घेऊन आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, वर स्वेटर. आमच्याकडे कंपन्यांचं काम येतं, एकट्या दुकानदाराचं घेत नाहीत. रिसेप्शनवरची मुलगी त्यांना तेच समजावत होती. मी जेवायला बाहेर पडत होते. पार्किंग लॉटमध्ये त्यांनी मला गाठलं आणि पिशवीतून मुळीची एक वाळलेली चकती काढली. "ही ती नाही," म्हणाले. विचारलं, कशावरून? "मोडली की वास लगेच यायला हवा. ही विचार करून वास देते." मनात म्हटलं, झालं, आले आणखी एक जाणकार! अशा माणसांचा मला मनापासून तिटकारा होता, आणि त्याला घरचं कारण होतं. पण चकती मी ठेवून घेतली. मॅनेजरला विचारून, आमची तपासण्याची पद्धत पडताळून पाहायच्या निमित्ताने, तिचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली घातला, पुढच्या चाचण्याही केल्या. काकांचं बरोबर होतं. ती दुसऱ्याच झाडाची मुळी होती. दिसायला सख्खी बहीण, आणि किडन्या खलास करणारी.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून दुकानात गेले. त्यांनी ऐकलं, आत गेले, त्या मुळीचं अख्खं पोतं ओढत बाहेर आणलं आणि मागच्या दाराशी बादलीत ब्लीच ओतून त्यात बुडवायला लागले. मी म्हटलं, "अहो, परत पाठवा ना ज्याच्याकडून आलं त्याला!" ते म्हणाले, "परत पाठवलं तर तो दुसऱ्याला विकेल. तो दुसरा वास घेईलच असं नाही." हात धुऊन आले आणि मला म्हणाले, "आता मला दाखवा. तुम्ही काय बघितलंत ते. पुढच्या वेळी मला वासावर थांबायला नको." मी मायक्रोस्कोपचे फोटो छापून नेले. खरी मुळी आणि खोटी मुळी, शेजारी शेजारी. भिंग घेऊन तो माणूस तासभर बघत बसला होता. मधूनच एक पेशंट आली तर तिला म्हणाले, "बसा, मी शाळेत आहे."

फोटो त्यांनी एका वहीत चिकटवले. ती वही मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. डाव्या पानावर आजार आणि औषध. उजवं पान कोरं ठेवायचं, आणि ते औषध जिथे चुकलं, ज्याला बाधलं, जे उशिरा कळलं, ते तिथे लिहायचं. कुणाच्या बाबतीत, किती दिवसांनी, आधी कोणती खूण दिसली होती. त्यांच्या गुरूंची पद्धत होती ती. नवीन शिष्याला गुरू पहिलं वर्ष फक्त उजवीकडची पानं उतरवून काढायला लावायचे. डावीकडचं नंतर. मी विचारलं, "इतक्या जुन्या परंपरेच्या वहीत लॅबचे फोटो चालतात का?" 'जुन्या' हा शब्द त्यांना अजिबात आवडायचा नाही. दुकानाच्या पाटीवर 'प्राचीन' असं लिहा म्हणजे गिऱ्हाईक वाढेल, असा सल्ला त्यांना नेल सलूनवालीने दिला होता. "प्राचीन मडकी असतात," ते म्हणाले. "कॉलेजात मला जे चिनी वैद्यकाचं पुस्तक लावलं होतं, ते वयाने माझ्याहून लहान होतं. चीनमध्ये प्रत्येक गावाचं वैद्यक वेगळं होतं. सरकारने कमिटी बसवून त्यातलं थोडं घेतलं, थोडं गाळलं आणि पुस्तक छापलं. मग मी खेड्यात गेलो. सकाळी लस टोचायचो, दुपारी काढे द्यायचो. लोकांनी कधी विचारलं नाही की यातलं जुनं कुठलं. त्यांनी विचारलं, पोर वाचेल ना?"

मग परंपरा म्हणजे काय, मी म्हटलं. मी अशी नडतेच. त्यांनी वहीची पहिली पानं उघडली. बारीक, वेगळं हस्ताक्षर. जुनी पुस्तकं घरात सापडली तर माणसाची धिंड निघायची, असा काळ त्यांच्याकडे येऊन गेला. गुरूंची मूळ वही जाडजूड होती, लपण्यासारखी नव्हती. गुरूंनी दोन रात्री बसून या छोट्या वहीत फक्त उजवीकडची पानं उतरवून घेतली आणि मूळ वही स्वतःच्या हाताने चुलीत घातली. "डावीकडचं कुठल्याही पुस्तकात मिळेल. कमिटीसुद्धा ते लिहील. उजवीकडचं कोण लिहील?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माझ्याकडे हजारो वर्षं नाहीत, मॅडम. माझ्याकडे दोन हस्ताक्षरं आहेत."

त्या दिवशी घरी येताना गाडी मी जरा हळूच चालवली. कारण माझ्या लॅबमध्येही तेच आहे. चाचणी फसली की डेव्हिएशन रिपोर्ट लिहायचा. काय चुकलं, कधी कळलं, पुढे काय करायचं. फसलेलं लपवलं तर नोकरी जाते. मी इतकी वर्षं समजत होते की हे आमच्या सायन्सवाल्यांचंच आहे…

आता आईचं. आई झाडपाल्याची औषधं द्यायची. आमच्या वाडीत, आणि आजूबाजूच्या चार वाड्यांतही. शाळेत गेलेली नाही. पण कुड्याची साल कुठल्या बाजूची काढायची, अडुळसा कुणाला द्यायचा नाही, हे तिला पाठ. दारात कायम कुणीतरी बसलेलं असायचं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीत घरी गेले, तेव्हा किसन नावाच्या माणसाला कावीळ झाली होती आणि आईचा पाला चालू होता. त्याचे डोळे बघून मी म्हटलं, दवाखान्यात न्या. आई म्हणाली, आणखी चार दिवस बघू. तो गेला. त्याच्या दहाव्याला, नदीवर, सगळ्यांच्या देखत मी म्हटलं, "माझ्या आईच्या पाल्यानं मेला हा." मी एकोणीस वर्षांची होते, माझ्याकडे केमिस्ट्रीचं पुस्तक होतं आणि मला सगळं माहीत होतं. त्या दिवसापासून आईने कुणाला साधी सुंठसुद्धा उगाळून दिली नाही. वडील गेल्यावर तिला मी इकडे आणलं. ती आमच्याकडे नीट राहते, जेवते, नातीला शाळेच्या बसवर सोडते. पण तो विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. एकदाही नाही. जवळपास तीस वर्षं.

तिला मी लिऊ काकांकडे नेलं ते गुडघ्यांसाठी. खरं सांगायचं तर काका कसे आहेत ते तिला दाखवावं, असंही मनात होतं. काकांनी नाडीला हात लावायच्या आधी माझ्याकडे हात पुढे केला. "गोळ्या." कुठल्या? "डॉक्टरांनी दिलेल्या. सगळ्या." आईच्या बीपीच्या, रक्त पातळ करायच्या, सगळ्या बाटल्या मी घरून आणेपर्यंत त्यांनी तिला नुसतं बसवून ठेवलं. लेबलं वाचली आणि म्हणाले, "हिला माझ्याकडचं काही चालणार नाही. गुडघे शेकवा. वजन थोडं कमी." आईने विचारलं, काय म्हनतो? मी सांगितलं. ती त्यांच्याकडे रोखून बघत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "ह्यो मानूस खरा हाय. न्हाय म्हनाया येतंय त्याला."

हे 'नाही' आमच्या मराठी मंडळात प्रसिद्ध होतं. एक रिटायर्ड इंजिनिअर काका डायबेटिसच्या गोळ्या बंद करायच्या म्हणून मोठ्या हौसेने तिथे गेले होते. लिऊ काका म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, रात्रीचे दोन लाडू बंद करा. "यार, एवढं ड्राइव्ह करून जाऊन हेच ऐकायचं होतं, तर बायको काय वाईट होती?" असं ते गणपतीच्या पंगतीत सांगत होते, आणि त्यांची बायको मागून म्हणत होती, "ऐका आता, चिन्यानेसुद्धा सांगितलं!"

आई मात्र पुढच्या शनिवारी आपणहून तयार होऊन बसली. "वैदबाबाकडं जायाचं न्हाय का?" गुडघ्यांचं निमित्तही नव्हतं. तिथे ती खणांच्या भिंतीसमोर उभी राहिली आणि हात मागे बांधून एकेक वास घेत चालली. काकांनी खण उघडून द्यायला सुरुवात केली. ज्येष्ठमध तिने ओळखलं, हळद तर सोपीच. एका खणापाशी ती थबकली. हात घातला, एक फळ काढलं, दाताखाली धरलं. "हिरडा!" आमच्या डोंगरातला हिरडा. उन्हाळ्यात बायकापोरं वेचायला जायची तो. "पर जून हाय," ती म्हणाली. "बाळहिरडा न्हाय काय ह्याच्याकडं?" हे मला इंग्रजीत सांगता येईना. मी हाताने लहान, लहान, काळा असं काहीतरी दाखवलं. काका हसले आणि अगदी खालचा खण ओढला. बारीक, काळे, सुरकुतलेले बाळहिरडे. आईने एक तोंडात टाकला आणि बोट गळ्याला लावलं. त्याच क्षणी काकांनीही स्वतःच्या गळ्याला बोट लावलं. घसा बसला की चघळायचा. मला मध्ये काही सांगायची गरजच पडली नाही. "हे पश्चिमेकडून आलं, असं माझे गुरू सांगायचे," काका म्हणाले. "म्हणजे तुमच्याकडून." आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग नीट वाळवाया तरी शिकवायला पायजे व्हतं. उन्हात वाळवलाय ह्यांनी." हे मी जसंच्या तसं सांगितलं. मी असंच सांगते. काका इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

मग शनिवार ठरूनच गेले. ते तिला 'सिस्टर' म्हणायचे, ती त्यांना 'वैदबाबा'. ते म्हणायचे ही मुळी थंड, ती म्हणायची, थंड कशी? तोंडात धरून बघ की! मी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत राहायची. एका शनिवारी त्यांनी शाळेची एक नवी वही आईपुढे ठेवली आणि मला पेन दिलं. "सिस्टर बोलेल, तुम्ही लिहा. माझ्यानंतर हे दुकान राहील की नाही मला माहीत नाही. हेलन माझ्या कामाला हात लावणार नाही. किडन्या गेलेले पेशंट बघून तिचं मन उडालंय, आणि तिचं चूक नाही. पण सिस्टरचं कुठेच लिहिलेलं नाही. ती गेली की संपलं." आई आधी नको म्हणाली. मग घरी, स्वयंपाक करता करता, एकेक सांगायला लागली. हगवणीला काय, अंगावरचं दूध कमी पडलं तर काय, मुका मार लागला तर काय. किती घ्यायचं ते ती पंजा पसरून दाखवायची आणि मी तेवढा पाला किचनच्या काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये लिहायची. एवढी बोलताना मी तिला कधी पाहिली नव्हती. माझं पाठ फिरवून लिहिणं चालायचं, म्हणजे डोळे पुसता येतात.

वही निम्मी भरली तेव्हा आम्ही ती काकांना दाखवायला नेली. मराठी अक्षरं त्यांना कुठली वाचता येणार! पण एकेक पान त्यांनी सावकाश उलटलं, शेवटपर्यंत. मग आईकडे बघून अगदी सौम्यपणे म्हणाले, "सिस्टर फार मोठी वैद्य आहे. एकदाही चुकली नाही?" उजवीकडची सगळी पानं कोरी होती. आईने विचारलं, "काय म्हन्ला?" इथे मी गप्प बसायला हवं होतं, किंवा काहीतरी वेगळं सांगायला हवं होतं. पण मी सांगून टाकलं. आई उठली. पर्स घेतली आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिली. घरी येऊन तिने वही फ्रिजवर, पिठाच्या डब्यामागे सरकवून दिली. किसनचं नाव आम्ही दोघींनीही घेतलं नाही.

त्यानंतर मी एकटीच दोन-तीनदा जाऊन आले. काका दर वेळी विचारायचे, "सिस्टर पुढच्या शनिवारी?" मी म्हणायची, हो, पुढच्या. त्यांना खोकला होता. थंडी सुरू झाली की होतो, असं ते म्हणाले आणि मी मानलं. मग हेलनचा तो फोन आला.

तीन आठवड्यांनी हेलन आमच्याकडे आली. दुकान आवरायला घेतलं होतं. बाळहिरड्याचा अख्खा खणच तिने आईसाठी आणला होता, आणि वडिलांची वही. कोट न काढताच ती टेबलाशी बसली आणि बोलायला लागली. ती रागाने पेटलेली होती. "मी नर्स आहे. मी त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर राहते. दोन महिने ते स्वतःला काढे देत होते! मला सांगितलं नाही. त्यांची परंपरा! मला ही वही फेकून द्यायची होती. मग म्हटलं, शेवटचं काय लिहिलंय ते तरी बघावं." लहानपणी तिला रविवारच्या चिनी शाळेत घातलं होतं, अडखळत वाचता येतं, अडलं की फोनवर अर्थ बघते. शेवटचं भरलेलं पान उजवीकडचं होतं. हॉस्पिटलमध्ये जायच्या आदल्या दिवसाचं. ती इंग्रजीत सांगत गेली, मी आईला मराठीत सांगत गेले.

"पेशंट मी स्वतः. खोकला. मी तो छातीचा, थंडीचा समजलो आणि तसे काढे घेतले. आडवं पडलं की खोकला वाढत होता. पाय सुजले होते, बूट चढत नव्हते. हे दिसत असून मी पाहिलं नाही, कारण पेशंट मी होतो. खोकला हृदयाचा होता. पाय सुजले त्याच दिवशी मुलीला सांगायला हवं होतं. तिला ते एका नजरेत कळलं असतं. दोन महिने वाया गेले. पुढच्याने घालवू नयेत."

मला त्यांचे पाय आठवले. शेवटच्या वेळी ते दुकानात सपाता घालून उभे होते. इस्त्रीचा शर्ट, आणि खाली सपाता. मी पाहिलं होतं आणि म्हातारा माणूस म्हणून सोडून दिलं होतं. हेलन 'मुलीला' या शब्दावर बोट ठेवून बसली होती. आता ती रडत होती, पण मघाचा राग त्यात उरला नव्हता. आईने उठून तिच्या अंगावरचा कोट काढला, खुर्चीच्या पाठीला लावला आणि तिच्यापुढे चहा ठेवला. मग स्टूल घेऊन फ्रिजवरची वही काढली आणि माझ्यासमोर टाकली.

"काविळीचं पान काढ. उजवीकडं लिव."

मी पेन घेतलं. आई उभीच होती, ओट्याला पाठ लावून. "किसन. वय पस्तीस. बायको, दोन लेकरं. म्या सात दिवस पाला दिला. तिसऱ्या दिशी बरळाया लागला. स्वतःच्या लेकराला वळखंना. तवाच न्यायला पायजे व्हतं. बरळाया लागला की कावीळ आपली न्हाय." मी विचारलं, नाव लिहू का त्याचं? "लिव. नाव न्हाय लिवलं तर मानूस व्हता हे कसं कळंल?" मग म्हणाली, "फुडं लिव. माज्या पोरीनं सांगितलं व्हतं. म्या आयकलं न्हाय."

माझा हात थांबला. "थांबलीस का?" आई म्हणाली. "लिव की." मी लिहिलं. मग ती म्हणाली, "आता त्याच्याखाली तुजं काय आसंल ते तू लिव. ते म्या सांगनार न्हाय."

मी लिहिलं की त्याच्या दहाव्याला मी लोकांसमोर जे बोलले ते शब्द खरे नव्हते. उशीर झाला होता, हे खरं होतं. आणि माझ्या त्या बोलण्याने एका बाईचं सगळं शहाणपण तीस वर्षं बंद पडलं. त्या वर्षांत आमच्या वाड्यांतली किती माणसं तिच्या दारावरून परत गेली ते मला माहीत नाही. आई म्हणाली, वाच. मी मोठ्याने वाचलं. हेलनला एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती बघत होती. आईने ऐकून घेतलं, मान हलवली. क्षमा वगैरे शब्द आमच्याकडे कुणी वापरत नाही. ती म्हणाली, "अक्षर मोठं काढ. बारीक काढतीस तू. फुडच्याला वाचाया नगं का?"

मग खुर्ची ओढून ती माझ्या शेजारी बसली. म्हणाली, नवं पान घे. खोकल्याचं राहिलंय. अडुळसा, सुंठ, बेहडा हे सगळं मला ऐकून माहीत होतं. मी डावीकडे मथळा घातला आणि 'अडुळसा' लिहायला घेतलं. तिने माझं मनगट धरलं. "ते मागनं. वर लिव…"

त्या पानावर आज सगळ्यात वर असं आहे. खोकला. औषध देण्याआधी पाय बघावेत. सुजलेले असतील तर काही देऊ नये, लगेच दवाखान्यात न्यावं. आणि कंसात, तिने मुद्दाम सांगितलं म्हणून, हे कुणाकडून कळलं ते: लिऊ वैदबाबा, पार्सिपनी.